घरचा फेसवॉश पातळ होतोय? घट्ट करण्याआधी हे वाचा

चऱ्होली, मोशी, दिघी, डुडुळगाव या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जितक्या इमारती उभ्या राहिल्या, तितकेच सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही झाले. त्या ग्रुपवर आधी पापड-लोणची आली, मग दिवाळीचा फराळ, मग केक. आता ‘केमिकल-फ्री’ साबण, शाम्पू आणि जेल फेसवॉश आले आहेत. कोणी ते विकतं, कोणी घरच्यापुरतं करतं, आणि कोणी शेजारणीकडून रेसिपी घेऊन मुलीच्या पुळ्यांसाठी करून पाहतं. त्वचेच्या तक्रारी घेऊन येणारे लोक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: “डॉक्टर, बाकी सगळं जमलंय, पण फेसवॉश पाण्यासारखा पातळ होतो. घट्ट व्हायला काय घालू?”

प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तरही आहे. पण त्याच्या आधी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी, कारण चेहऱ्याचं नुकसान तिथेच होतं. फेसवॉश घट्ट असण्याचा चेहरा स्वच्छ होण्याशी संबंध नाही. आणि आधी घट्ट असलेलं घरचं जेल काही दिवसांनी आपोआप पातळ होऊ लागलं, तर त्यात काहीतरी कमी पडलंय असं समजू नका. ते बहुतेक वेळा नासलेलं असतं. अशा वेळी त्यात आणखी चमचाभर गम घालून ते पुन्हा ‘नीट’ करणं हा सर्वांत वाईट उपाय.

हे असं का, ते जरा सविस्तर सांगतो.

घट्टपणा येतो कुठून

बाजारातल्या फेसवॉशमध्ये मळ आणि तेल काढण्याचं काम सर्फॅक्टंट नावाचे घटक करतात. त्यांच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. पाण्यात त्यांचे अतिसूक्ष्म गोळे तयार होतात. त्यात ठरावीक प्रमाणात मीठ पडलं की हे गोळे लांबट होतात, शेवयांसारखे एकमेकांत गुंततात आणि द्रव घट्ट होतो. सुट्या फेसवॉश बेसमध्ये बहुतेक वेळा एसएलईएस नावाचा सर्फॅक्टंट असतो, त्यामुळे ‘चिमूटभर मीठ घाला’ हा सल्ला अगदीच चुकीचा नाही. गंमत पुढे आहे. साधारण दोन-तीन टक्क्यांपर्यंत मीठ घट्टपणा वाढवतं, त्यानंतर आणखी घातलं तर तोच द्रव पुन्हा पाण्यासारखा होतो. लोक घाबरून आणखी मीठ घालतात आणि शेवटी हातात खारट, पातळ आणि चुरचुरणारं पाणी उरतं. बेसमध्ये कंपनीने आधीच किती मीठ घातलंय हे तुम्हाला ठाऊक नसतं. म्हणून व्हिडिओतलं माप तुमच्या बेसला लागू पडत नाही.

‘सौम्य’ म्हणून जे ग्लुकोसाइड प्रकारचे सर्फॅक्टंट ऑनलाइन मिळतात, ते मिठाला फारशी दाद देत नाहीत. त्यांना गम लागतो, म्हणजे झॅन्थन किंवा ग्वार. गम थेट पाण्यात टाकला की गुठळ्या होतात. आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात सोडला तर तो नीट फुलतो. शंभर मिलिलिटरला एक ग्रॅमपेक्षाही कमी पुरतो. जास्त झाला की जेल शेंबडासारखं लोंबतं. ही उपमा सुंदर नाही, पण ज्यांनी करून पाहिलंय त्यांना लगेच पटेल.

साबण किसून गरम पाण्यात विरघळवायचा, ही आणखी एक लोकप्रिय पद्धत. गार झाल्यावर ते छान जेलसारखं जमतं. पण ते साबणाचंच पाणी आहे. साबणाचा सामू नऊ-दहाच्या आसपास असतो, तर निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी, पाचच्या आसपास. त्यामुळे जेल झालं म्हणून साबण सौम्य होत नाही. ‘पीएच बॅलन्स’ करायला त्यात लिंबू पिळलं तर साबण फुटतो आणि दुधासारखं पाणी व चोथा वेगळा होतो.

कॉर्नफ्लॉवर, साबुदाण्याची पेज, जवसाचा किंवा मेथीचा चिकट अर्क, कोरफडीचा गर या स्वयंपाकघरातल्या गोष्टींनीही घट्टपणा येतो. त्या त्वचेला फारसा त्रासही देत नाहीत. त्यांची अडचण वेगळी आहे.

दोन गोष्टी मात्र घरी करूच नका. एक म्हणजे कार्बोमर पावडर आणून ती कॉस्टिक सोडा किंवा ट्रायइथॅनॉलअमाइन घालून घट्ट करणं. कॉस्टिकचं प्रमाण जरा चुकलं तरी चेहऱ्याला आणि डोळ्यांना रासायनिक इजा होऊ शकते. दुसरी म्हणजे भांड्यांचं आणि फरशीचं लिक्विड बनवायच्या मालातून फेसवॉश करणं. सुट्या केमिकलच्या दुकानात ‘अ‍ॅसिड स्लरी’ आणि घट्ट करायला ‘सीडीईए’ सहज मिळतं, आणि लिक्विड सोप बनवायला शिकलेल्या हाताला वाटतं की त्यातूनच फेसवॉशही होईल. अ‍ॅसिड स्लरी ही चेहऱ्याची वस्तू नव्हे. सीडीईए म्हणजे खोबरेल तेलापासून केलेला एक जुना, स्वस्त घट्ट करणारा घटक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, तो ‘माणसात कर्करोगाची शक्यता असू शकते’ अशा २बी गटात ठेवला आहे. हा निष्कर्ष प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून काढलेला आहे. एखाद्या वेळी हात धुतल्याने काही होत नाही, घाबरू नका. पण खोबऱ्यापासून झालं म्हणजे निरुपद्रवी, हा समज त्यातून नक्की खोटा ठरतो.

खरी अडचण: पाणी, गम आणि दिवस

जंतूंना वाढायला पाणी, खाद्य आणि वेळ लागतो. घरच्या जेलमध्ये पाणी नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं. स्टार्च, जवस, कोरफड आणि मेथी हे खाद्य. आणि बाथरूममधल्या उबदार, दमट फळीवर बाटली पंधरा दिवस उभी असते, तो झाला वेळ. रोज ओल्या बोटांनी किंवा पुन्हा भरलेल्या जुन्या बाटलीतून नवे जंतू येतच राहतात.

वाढणारे जंतू या घट्ट करणाऱ्या पदार्थांच्या लांब साखळ्या आपल्या विकरांनी तोडतात. साखळ्या तुटल्या की जेल पातळ होतं. म्हणून वर म्हटलं की आपोआप पातळ होणं ही धोक्याची खूण आहे. कधी आंबूस वास येतो, रंग बदलतो, वर बुरशीचा ठिपका दिसतो. पण याची वाट पाहू नका: एका मिलिलिटरमध्ये लाखो जंतू असले तरी द्रव डोळ्यांना स्वच्छ दिसू शकतो आणि वास सुगंधी तेलाखाली लपतो.

चऱ्होलीच्या संदर्भात इथे एक स्थानिक मुद्दा येतो. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, आणि ‘तात्पुरता’ म्हणून आलेली ती व्यवस्था वर्षानुवर्षं चालली. म्हणजे घरातलं पाणी टाकीत, पिंपात, बादलीत साठवलेलं असतं. बऱ्याच सोसायट्यांत त्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळतं. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन हळूहळू उडून जातो. त्याला पर्याय म्हणून आरओचं पाणी वापरलं, तर त्या पाण्यातही क्लोरीन उरत नाही. पिण्यासाठी ते ठीक आहे, कारण ते आपण लगेच पितो. तेच पाणी गम घालून पंधरा दिवस ठेवलं की हिशेब बदलतो. उकळून घेतलं तरी फायदा थोडाच. गार होताना, ढवळताना, बाटलीत ओतताना हवेतून आणि हातातून जंतू परत येतात.

कोणते जंतू? त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकससारखे असतातच. पण ओल्या जागी राहणारे स्युडोमोनास आणि बर्कहोल्डेरिया हे जास्त त्रासदायक, कारण ते अगदी कमी अन्नावर जगतात आणि अनेक प्रतिजैविकांना जुमानत नाहीत. हे फक्त घरच्या वस्तूंत घडतं असंही नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत मस्कारामध्ये वाढलेल्या स्युडोमोनासमुळे बुबुळाला जखमा झालेल्या रुग्णांची नोंद झाली, आणि सौंदर्यप्रसाधनांतल्या प्रिझर्व्हेटिव्हकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं. २००६ मध्ये बार्सिलोनातल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात बर्कहोल्डेरियाचा संसर्ग पसरला. शोध घेतला तेव्हा तो रुग्णांच्या अंगाला लावायच्या मॉइश्चरायझरमध्ये सापडला. कारखान्यात तयार झालेल्या मालाची ही गत होऊ शकते, तर ओट्यावर केलेल्या जेलचं काय, हा विचार तुम्ही करा.

निरोगी त्वचेच्या तरुण माणसाला अशा फेसवॉशने बहुतेक वेळा काहीही होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. धुऊन टाकायची वस्तू आहे, चेहऱ्यावर मिनिटभर राहते. त्रास होतो तो जिथे त्वचेला आधीच भेग आहे तिथे: फोडलेल्या पुळ्या, दाढीच्या खरचटी, इसब, वॅक्सिंग-थ्रेडिंगनंतरची लाली. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना डोळ्याचा धोका जास्त. मधुमेह नीट आटोक्यात नसलेले, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेले आणि तान्ही बाळं यांच्यासाठी घरी केलेलं, साठवलेलं पाण्याचं जेल वापरूच नये. इथे मी ‘जपून वापरा’ असंही म्हणणार नाही.

आणखी एक गट आहे, तो आपल्याकडे मोठा आहे. गोरं होण्यासाठी किंवा पुळ्यांसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडचं मलम लावलेले चेहरे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली, तरी ती मिळतात हे तुम्हालाही माहीत आहे. ही त्वचा पातळ झालेली असते, साध्या पाण्यानेही जळते. ‘बाजारातलं सगळं जळतं, म्हणून घरी सौम्य करते’ असं म्हणणाऱ्या अनेकींची गोष्ट खरं तर इथून सुरू होते. त्यांना नव्या फेसवॉशची गरज नसते, मलम थांबवण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीची गरज असते. असं मलम बरेच दिवस लावलं असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका.

‘प्रिझर्व्हेटिव्ह नको’ या भीतीविषयी

पॅराबेनच्या बातम्या वाचून प्रिझर्व्हेटिव्ह हा शब्दच विषासारखा झाला आहे. त्याचा परिणाम काय झाला, हे युरोपने अनुभवलं. पॅराबेन नको म्हणून कंपन्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनकडे वळल्या आणि त्याच्या अ‍ॅलर्जीची लाट आली. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ मध्ये त्याला ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ म्हटलं. नंतर युरोपने अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत प्रमाण अगदी खाली आणलं. पॅराबेन त्या मानाने अ‍ॅलर्जीच्या बाबतीत बऱ्यापैकी शांत निघाले. तेव्हा ‘पॅराबेन-फ्री’ लिहिलेलं म्हणजे तुमच्या त्वचेला मानवणारं, असा अर्थ काढू नका.

हीच संस्था ज्यांना आधी ‘वर्षातला अ‍ॅलर्जन’ ठरवून बसली आहे त्यांत खोबऱ्यापासून केलेलं कोकामिडोप्रोपिल बीटेन (२००४) आणि ग्लुकोसाइड सर्फॅक्टंट (२०१७) दोन्ही आहेत. म्हणजे घरच्या ‘सौम्य’ रेसिपीतले दोन्ही लाडके घटक. बहुतेकांना ते सोसतात. ज्यांना सोसत नाहीत त्यांच्या पापण्यांवर आणि मानेवर खाज येते, आणि त्या बिचाऱ्यांचा संशय सगळ्यांत शेवटी ‘नॅचरल’ फेसवॉशवर जातो.

घरी प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून काय वापरलं जातं? व्हिटॅमिन ई कॅप्सूल: ती तेलाला खवट होण्यापासून वाचवते, जंतूंना नाही. कडुलिंब, हळद, टी ट्री तेल: थोडाफार परिणाम असतो, पण पंधरा दिवस बाटली राखण्याइतका नाही, आणि जुनं झालेलं टी ट्री तेल स्वतःच अ‍ॅलर्जी देतं. सोडियम बेंझोएट: हे खरं प्रिझर्व्हेटिव्ह आहे, सरबतात असतं तेच. पण ते पाचच्या खालच्या सामूतच काम करतं. किसलेल्या साबणाच्या जेलमध्ये, जिथे सामू नऊच्या पुढे असतो, ते घालणं म्हणजे न घालण्यासारखंच.

आपल्या आज्ज्यांनी हे सगळं न शिकता सोडवलं होतं. उटणं, बेसन, मसुराची पूड, मुलतानी माती हे सगळं कोरडं. लागेल तेवढं वाटीत घ्यायचं, त्यात पाणी किंवा दूध घालायचं, वापरायचं, वाटी धुऊन टाकायची. पाणीच नाही, तर जंतूला जागा नाही आणि प्रिझर्व्हेटिव्हचा प्रश्नही नाही. जेलचा हट्ट बाटलीबरोबर आला. (उटणं सगळ्यांना मानवतंच असं नाही; पुळ्यांच्या चेहऱ्यावर खरबरीत पूड चोळली तर पुळ्या वाढतात. पण नासण्याचा प्रश्न त्यात नाही, एवढंच म्हणायचं आहे.)

फेस म्हणजे स्वच्छता नव्हे

चऱ्होलीकरांना हे वेगळं समजवायची गरज नाही. शेजारच्या आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना तुम्ही पाहिला आहे, कार्तिकी यात्रेच्या दिवसांतल्या त्या फेसाच्या बातम्याही वाचल्या आहेत. तो फेस शुद्धीकरण न झालेल्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या पाण्याचा. त्यात जे साबण-डिटर्जंटचे घटक असतात, त्याच कुळातले घटक फेसवॉशमध्ये असतात. भरपूर फेस आणि घट्ट जेल या दोन्ही गोष्टी ग्राहकाला बरं वाटावं म्हणून केल्या जातात. पातळ, कमी फेसाचं क्लेन्झरही चेहऱ्यावरचं तेल व्यवस्थित काढतं. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा, चुरचुरीत लागला तर तो ‘स्वच्छ’ झाला नसून जास्त धुतला गेला आहे.

चाकण, भोसरी, तळवडे इथे मशीनवर काम करणाऱ्यांना हे विशेष सांगतो. कुलंट आणि कटिंग ऑइल अंगावर उडतं, हातावर-मांडीवर आणि कधी चेहऱ्यावर तेलाच्या पुळ्या येतात. मग ग्रीस काढायला ठेवलेली दाणेदार पेस्ट किंवा कॅनमधलं सुटं हँडवॉश थेट चेहऱ्याला लावलं जातं. हातांची त्वचा जाड असते, ते तिला सोसतं, चेहऱ्याला नाही. शिवाय कॅन संपत आला की त्यात पाणी घालून वाढवायची पद्धत आहे. पाणी वाढलं की त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह विरळ होतं आणि वर सांगितलेली सगळी कहाणी तिथेही घडते. चेहऱ्यासाठी सौम्य फेसवॉशची छोटी बाटली वेगळी ठेवा, आणि तेलाने भिजलेला शर्ट घालून घरी येऊ नका. पुळ्यांसाठी फेसवॉश बदलण्यापेक्षा त्याचाच उपयोग जास्त होतो.

विकत घेत असाल किंवा विकत असाल तर

घरच्यापुरतं करणं आणि विकणं यांत कायदा फरक करतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, आणि त्याखालचे सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम डिसेंबर २०२० मध्ये आले. विक्रीसाठी फेसवॉश बनवायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे एफडीएचा परवाना लागतो. त्यासाठी ठरावीक जागा, शिकलेला तांत्रिक माणूस आणि मालाच्या तपासणीची सोय असावी लागते. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकायचं तर त्याचा परवाना वेगळा. लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख हवी. सोसायटीच्या ग्रुपवरच्या बाटलीवर यातलं किती असतं, ते एकदा उचलून बघा. बहुतेक वेळा एक गोड नाव आणि पानाफुलांचं चित्र असतं.

लेबल हा कागदी सोपस्कार वाटतो, पण त्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली. विज्ञान शाखेत शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला तो स्थानिक पातळीवर तयार केलेल्या उजळपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत. केरळातल्या डॉक्टरांनीही अशाच क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराची मालिका नोंदवली. आपल्या नियमांत डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पारासुद्धा दहा लाखात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. घरच्या फेसवॉशमध्ये पारा असतो असं मी म्हणत नाही. तो क्रीमचा प्रश्न आहे, घट्टपणाचा नाही. मुद्दा एवढाच, की लेबल नसलेल्या डबीचा माग काढायला तीन माणसं आजारी पडावी लागली. बॅच क्रमांक असता तर तोच माल वापरणाऱ्या इतरांपर्यंत लवकर पोचता आलं असतं.

दुसरी बाजूही खरी आहे. बचत गटातल्या किंवा नोकरी सुटलेल्या बाईसाठी ही महिन्याची मिळकत असते, आणि कारखान्यासाठी लिहिलेले नियम दोन खोल्यांच्या घरात बसत नाहीत. एफडीएचे निरीक्षक दुकानात आणि कारखान्यात जातात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांची नजर पोचणं कठीण. परिणाम असा, की नियम आहे पण नेमका तिथेच दिसत नाही जिथे माल सर्वांत कच्चा आहे. माझ्या मते छापे घालण्यापेक्षा रस्ता दाखवणं जास्त उपयोगी पडेल. ‘लोन लायसन्स’ची सोय नियमांत आहे: परवाना असलेल्या कारखान्याची जागा आणि यंत्रणा वापरून आपल्या नावाचा माल तयार करून घ्यायचा. पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात उद्योगांची कमतरता नाही. चार-पाच गटांनी मिळून विचारलं तर हा मार्ग अशक्य नाही. तोपर्यंत विकणाऱ्यांनी निदान पाणी असलेल्या वस्तूंचं उत्पादन टाळावं.

तरीही घरी करायचंच असेल तर

पातळ क्लेन्झरला सर्वांत सोपा उपाय म्हणजे बाटली बदलणं. दाबल्यावर थेट फेस येणारा पंप मिळतो. त्यात पातळ द्रवच लागतो, घट्ट चालतच नाही. तयार, लेबल असलेला सौम्य फेसवॉश आणा आणि तो घट्ट आहे की पातळ याची चिंता सोडा.

कोरफड, जवस किंवा पेज यांचं जेल करायचं असेल तर एका वेळेपुरतंच करा. उरलं तर फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्या. फ्रिज जंतूंना मारत नाही, फक्त मंद करतो. कोरफडीचं पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक नीट निथळू द्या, त्याने अनेकांना खाज येते. लिंबू आणि खायचा सोडा चेहऱ्यासाठी नकोतच: एक फार आम्ल, दुसरा अल्कली, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावर भाजल्यासारखे काळे डाग पडतात ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

नवीन काहीही, घरचं असो वा विकतचं, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा लावून धुवा आणि आठवडाभर बघा. अ‍ॅलर्जी पहिल्याच दिवशी उठत नाही, म्हणून एका दिवसाच्या ‘पॅच टेस्ट’वर विसंबू नका.

डोळ्यात गेलं तर चोळू नका, लेन्स असेल तर काढा आणि नळाखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा. त्यानंतरही लाली, दुखणं, उजेड सहन न होणं किंवा अंधुक दिसणं असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. स्युडोमोनासची बुबुळाची जखम एक-दोन दिवसांत वाढते. चेहऱ्यावर एकाएकी एकसारख्या पूभरल्या पुळ्या उठल्या, मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या, लाली गरम लागून पसरू लागली किंवा ताप आला, तर घरगुती उपाय थांबवून दाखवा. पापणी सुजून डोळा उघडेनासा झाला तर थेट रुग्णालयात. महापालिकेच्या पिंपरीतल्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे.

आणि डॉक्टरांकडे जाताना फेसवॉशची बाटली फेकून देऊ नका. झाकण लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणा. काय-काय घातलं आणि कधी केलं ते कागदावर लिहा, अगदी शेजारणीने दिलेला बेस असला तरी त्याच्या डब्याचा फोटो घ्या. पुळीतला पू आणि बाटलीतलं जेल दोन्ही तपासायला पाठवता येतं, आणि त्यात एकच जंतू निघाला तर कोणतं प्रतिजैविक द्यायचं हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.